तसबिरीतला अवधूत



जयंती अंकासाठी काहीतरी लिहा, असं मंदिराची मंडळी गेली दोन वर्षं सांगत होती आणि मी टाळत होतो. यंदा हो म्हटलं. मी कीर्तनकार नाही की शास्त्री नाही. नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये अडतीस वर्षं काम केलेला माणूस. आयुष्य छापील कागदात गेलं, तेव्हा लिहिणार तेही एका छापील कागदाविषयीच. आमच्या घरी दत्तमहाराजांची एक जुनी तसबीर आहे. तिच्यामुळे एक प्रश्न माझ्या मागे लागला, तो आपल्यापुढे ठेवतो. ज्याने घरच केलं नाही त्याला आपण घरात का लावतो? आणि लावला, तर त्याच्यासमोर आपण कसं राहायचं? लिहिण्याच्या ओघात परधर्मातला एक साधूही येणार आहे. त्यालाही पाटावर जागा द्यावी, एवढी विनंती.

आधी तसबिरीविषयी. उंची दीड फुटाच्या आसपास, सागवानी चौकट. औदुंबराखाली दत्तमहाराज उभे, तीन शिरं, सहा हात, मागे गाय, पुढे चार श्वान. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत रविवर्मा प्रेसचं नाव. आमच्या आजोबांनी ती विकत आणली. राजा रविवर्म्याने हा छापखाना १८९४ साली मुंबईत काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही तिकडचे. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमा काढण्याआधी याच छपाईच्या कामात होते. पद्धत अशी, की चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर चित्र उतरवायचं, एकेका रंगाला वेगळा दगड, आणि एकच कागद त्या सगळ्या दगडांवरून एकामागून एक काढायचा. वरून रोगणाचा हात, म्हणजे तैलचित्रासारखी चकाकी येते. यात कागद केसभर जरी सरकला तरी रंग रेषेबाहेर जातो. आमच्या तसबिरीत डावीकडच्या कुत्र्याच्या जिभेचा लाल रंग असाच किंचित सरकलेला आहे. माझ्या प्रेसमध्ये तो कागद पास झाला नसता. पण देवाच्या बाबतीत तपासनीस एवढे कडक नसावेत.

या छापखान्याने काय केलं, याचा आपण फारसा विचार करत नाही. तोवर देव देवळात, नाहीतर ज्याला चितारी परवडतो त्याच्या घरात. चित्रं छापून आली आणि देव चार-आठ आण्यांत भिंतीवर आला. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्याही भिंतीवर आला. आपल्याच नाशकात १९३० साली काळारामाच्या दारात त्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे विसरता येत नाही. छापील कागदाने ते दार कोणाला न विचारता उघडलं होतं.

आमचा वाडा सराफ बाजाराच्या मागच्या बोळात होता. तसबीर देवघरात नव्हती, ओसरीवर होती. हा फरक पुढे महत्त्वाचा आहे, म्हणून सांगून ठेवतो. १९६९ च्या सप्टेंबरात गंगेला तो मोठा पूर आला. दुतोंड्या मारुती बुडून गेला आणि पाणी बाजारपेठेत शिरलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पेटीतले कागद सोडून आधी ही तसबीर काढली आणि डोक्यावर घेऊन माडीवर गेले. तरी खालचा कोपरा भिजलाच. तो पिवळट डाग अजून आहे, गाईच्या खुरापाशी.

आता परदेशात जाऊ. २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे लंडनला गेलो होतो. तिथे ट्रफाल्गर चौकात नॅशनल गॅलरी म्हणून चित्रांचं मोठं संग्रहालय आहे. आत जायला पैसे पडत नाहीत, म्हणून मी निवांत हिंडत होतो. एका दालनात एक लहानसं चित्र दिसलं. लाकडी फळीवर काढलेलं, आपल्या कॅलेंडरच्या पानाएवढं. अंतोनेल्लो दा मेस्सिना नावाच्या इटालियन चितारीने १४७५ च्या सुमारास काढलेलं. एका प्रचंड कमानदार इमारतीच्या मधोमध लाकडी चौथरा, वर चढायला तीन पायऱ्या, आणि त्यावर मेजापाशी लाल झग्यातला एक गृहस्थ पुस्तक वाचतो आहे. मागे फळ्यांवर पोथ्या. कुंडीत झाडं. एक मांजर. पुढच्या उंबरठ्यावर मोर. मला तो एखाद्या पेन्शनीत निघालेल्या हेडक्लार्कसारखा वाटला. मग उजवीकडे अंधाऱ्या ओवरीत नजर गेली, तर तिथून चक्क सिंह चालत येतोय.

मुलाने पाटी वाचून सांगितलं, की हा संत जेरोम. अरण्यात राहिलेला तपस्वी. मी म्हटलं, हे कसलं अरण्य?

तेव्हा त्याने मला त्याच जेरोमची दुसरी चित्रं दाखवली. त्यांत हाडं निघालेला म्हातारा खडकात गुडघे टेकून आहे, अंगावर धड वस्त्र नाही, हातात दगड आणि त्या दगडाने तो आपलीच छाती बडवतो आहे. जवळ कवटी, पोथी आणि तोच सिंह. लिओनार्दो दा विंचीनेही असाच काढायला घेतला होता. ते चित्र अर्धवट राहिलं, आज पोपच्या व्हॅटिकनमध्ये आहे. त्यातला सिंह नुसता रेषांचा. म्हणजे एकच साधू दोन तऱ्हांनी काढत. एक रानातला, एक घरातला.

जेरोम खरोखरीचा माणूस होता. जन्म साधारण ३४७ सालचा, देह ठेवला ४२० मध्ये, बेथलेहेमला. तरुणपणी घरदार सोडून सीरियाच्या वाळवंटात काही वर्षं राहिला. पुढे त्याने बायबल लॅटिनमध्ये आणलं. तेव्हा तिकडच्या लोकांची ती बोलण्याची भाषा होती. आपल्या नाथांनी संस्कृतातलं भागवत मराठीत आणलं, तसंच म्हणा. चित्रात त्याच्याजवळ लाल टोपी किंवा झगा दाखवतात, कारण तो कार्डिनल, म्हणजे मोठा धर्माधिकारी होता असं चितारी समजत. वास्तविक त्याच्या काळी ते पदच नव्हतं. सिंहाच्या पंजातला काटा त्याने काढला ही कथाही मुळात गेरासिमस नावाच्या दुसऱ्याच साधूची, नाव जवळचं म्हणून याला चिकटली. यात हसण्यासारखं काही नाही. आपल्या गोदाघाटावर एकमुखी दत्त आहेत आणि आपल्या तसबिरीत त्रिमुखी. जाणकार सांगतात, जुनं रूप एकमुखीच. भक्त आपल्या देवाला आपल्या समजुतीप्रमाणे नटवतात, हे सगळीकडचंच आहे.

मुलगा म्हणाला, “बाबा, ही चित्रं श्रीमंतांनी पैसे मोजून घेतलेली. हे लहान चित्र १५२९ साली व्हेनिसमध्ये एका धनिकाच्या घरी होतं. स्वतः गालिच्यावर बसायचं आणि भिंतीवर उपाशी साधू लावायचा. ढोंगच की.”

त्याने सहज म्हटलं. मी मात्र दिवसभर त्याला उत्तरं देत राहिलो. म्हटलं, असं नसतं रे. देवगिरीचे जनार्दनस्वामी दत्तभक्त, आणि किल्लेदार होते. हुद्दा सांभाळून त्यांनी उपासना केली. त्यांचे शिष्य एकनाथमहाराज बायकामुलांत राहिले. त्या संसारी माणसाने भागवताचा अकरावा स्कंध मराठीत सांगितला, शके १४९५ म्हणजे १५७३ साली काशीला तो ग्रंथ पुरा केला. त्यातच यदुराजा आणि अवधूताचा संवाद येतो. त्या अवधूतालाच आपला संप्रदाय दत्तात्रेय मानतो. आपण रोज म्हणतो ती दत्ताची आरतीही नाथांचीच. नृसिंहसरस्वती स्वामी दंडधारी संन्यासी, पण गुरुचरित्राचे छत्तीस आणि सदतीस हे अध्याय काढून बघ. पहाटे उठल्यापासून गृहस्थाने कसं वागावं ते किती बारकाईने सांगितलं आहे. संन्यासी जर गृहस्थाला टाकाऊ समजत असता तर एवढे कष्ट कशाला घेता?

आणखीही सांगितलं. आपला दत्त कोल्हापुरात भिक्षा घेतो आणि माहुरात निद्रा करतो, अशी श्रद्धा आहे. भिक्षा घ्यायची तर कोणाचं तरी दार हवं, दाराआड चूल हवी, चुलीपाशी घरची बाई हवी. गृहस्थ नसला तर अवधूत जेवेल कुठे? म्हणून तो आपल्या भिंतीवर असतो. दुपारच्या वेळी दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्याची ती आठवण आहे. त्याला आपण द्यायचं असतं.

युक्तिवाद बरा जमला होता. मुलगाही “पॉइंट आहे” म्हणाला. पण ‘त्याला आपण द्यायचं असतं’ हे शब्द माझ्या तोंडून निघाले आणि मला आतून काहीतरी लागलं. ते का, ते आता सांगतो.

त्या गॅलरीच्या दुकानातून मुलाने जेरोमवर एक पुस्तक घेतलं होतं. रात्री तो त्यातलं वाचून मराठीत सांगे. त्यात ड्यूरर नावाच्या जर्मन कलावंताचं १५१४ सालचं एक छापचित्र होतं. ते बघून मी चष्मा बदलला. तांब्याच्या पत्र्यावर हाताने रेषा कोरून, शाई भरून, दाबाखाली कागदावर उठवलेलं. हेच तर आमचं काम! नोटेवर बोट फिरवलं की जी रेषा हाताला लागते ती याच जातीची. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या कोरणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. चित्रात जेरोम खोलीत लिहीत बसला आहे. खिडकीतून ऊन आलंय. छताला भला मोठा भोपळा टांगलाय. बाकाखाली सपाता काढून ठेवल्यात. आणि पुढे सिंह झोपलाय, त्याच्या शेजारी कुत्राही झोपलाय. बायको बघून म्हणाली, “अहो, यालाही कुत्रा आहे की.”

त्या सपाता पाहून मला वाडी आठवली. नरसोबावाडीला मनोहर पादुका, औदुंबरला विमल पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका. आपल्या मोठ्या स्थानांवर महाराजांच्या पादुकाच पुजतात. पादुका बघितल्या की वाटतं, चालणारा पुढे निघून गेला. तसबीर बघितली की वाटतं, तो इथेच थांबलाय. मला स्वतःला पादुका अधिक खऱ्या वाटतात. पण घरात मात्र आपल्याला तोंड दिसणारा देव लागतो.

आणि मग मुलाने जेरोमच्या एका पत्राविषयी वाचलं. जेरोमने हे स्वतःच एका शिष्येला लिहून कळवलेलं आहे. त्याने आईबाप सोडले, बहीण सोडली, चांगलं खाणं सोडलं. पण रोममध्ये मोठ्या कष्टाने जमवलेली पुस्तकं सोडवली नाहीत, ती बरोबर घेतली. उपास करायचा तोही मग सिसेरो वाचायला बसायचा. वाळवंटात विंचू आणि श्वापदांच्या सोबतीत असतानासुद्धा मन रोममधल्या नाचणाऱ्या मुलींत जायचं, हेही त्याने लपवलेलं नाही. पुढे तापाने फणफणला असताना त्याला स्वप्न पडलं. न्यायासनासमोर त्याला उभं केलं. तू कोण, असं विचारलं. तो म्हणाला, ख्रिस्ताचा. न्यायाधीश म्हणाला की हे खोटं आहे, तू सिसेरोचा. आणि फटके सुरू झाले.

मुलगा पुस्तक मिटून झोपायला गेला. मी दिवा घालवून बराच वेळ बसून होतो.

अण्णा गेले १९८६ साली. पुढच्या वर्षी वाडा विकायचा ठरला. मी प्रेसच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. धाकटा भाऊ अण्णांजवळ वाड्यात. त्यांचं शेवटचं आजारपण त्यानेच काढलं. ओसरीवरच्या तसबिरीपुढे रोज संध्याकाळी दिवा तोच लावायचा. मी आपला रविवारचा पाहुणा. वाटणीच्या दिवशी आम्ही दोघं भाऊ आणि आमची ताई बसलो. देवघरातले टाक रिवाजाप्रमाणे थोरल्याकडे, म्हणजे माझ्याकडे आले, त्यावर वाद नव्हता. हंडे, घंगाळं, समया, झोपाळा यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. तसबीर देवघरातली नव्हती, तेव्हा तिलाही चिठ्ठी टाकू, असं धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजातच मला कळलं, की त्याला ती किती हवी आहे. आणि मी म्हणालो, “तसबिरीला चिठ्ठी नको. अण्णांनी ती मला दिली आहे. मागच्या खेपेला आलो तेव्हा म्हणाले.”

अण्णा असं काही म्हणाले नव्हते.

आमच्या प्रेसमध्ये सुटताना रोज झडती होत असे. अडतीस वर्षांत कागदाचा कपटाही मी बाहेर आणला नाही, याचा मला अभिमान होता, अजून आहे. आणि घरी, जिथे झडती घेणारं कोणी नव्हतं, तिथे बापाच्या तोंडी शब्द घालून मी धाकट्या भावाच्या हातातली वस्तू काढून घेतली. वस्तू तरी कोणती? ज्याच्याजवळ काहीच नाही, जो दारोदार भिक्षा मागतो, त्याची तसबीर. का केलं, याचं उत्तर साधं आहे. अण्णांची सेवा त्याने केली होती. तसबीरही त्याच्याकडे गेली असती तर अण्णा पूर्णपणे त्याचे झाले असते. मला काहीतरी पुरावा हवा होता, की मीही मुलगा आहे.

अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत कुरर नावाचा पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता. तो बघून दुसरे बळकट पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकला आणि सुटला. आपण हे प्रवचनात शंभरदा ऐकतो आणि समजतो की तुकडा म्हणजे पैसा, जमीन, सोनंनाणं. तुकडा म्हणजे देवाची तसबीरही असू शकते, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. चांगल्या वस्तूचा लोभ चांगलाच असतो, अशी आपली समजूत. कोणाची गाय चोरली तर ती चोरी, आणि कोणाची पूजा चोरली तर ती भक्ती?

या तसबिरीची मी तीस-पस्तीस वर्षं पूजा केली. गुरुवारी हार, जयंतीला सुंठवडा, पारायण. अशी पूजा पोचते का? बायकोला मी लंडनलाच सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, “पोचली नसती तर तुम्हाला एवढं टोचलं कशाला असतं?” तिचं हे म्हणणं मला फार सोयीचं पडतं, म्हणूनच ते मी पुरतं घेत नाही. दुसरा मार्ग गुरुजींना विचारून प्रायश्चित्त करण्याचा. तेही मनात आलं. पण ज्याचं घेतलं त्याच्याकडे न जाता देवाकडे जाणं म्हणजे सावकाराला टाळून त्याच्या वडिलांना भेटण्यासारखं आहे.

इथे मुलाच्या त्या शब्दाकडे परत यावंसं वाटतं. ढोंग. व्हेनिसच्या त्या धनिकाने जेरोम भिंतीवर लावला, ते ढोंग होतं का? मला नाही वाटत. आपल्याला जमणार नाही ते ज्याला जमलं, त्याला घरात आणून ठेवावं, ही इच्छा खोटी नाही. ती दूरवर पसरलेली आहे. १५८० साली गोव्याहून जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीला गेले. अशी चित्रं तिथे पोचली आणि केसूदास नावाच्या दरबारी चितारीनेही जेरोम काढला. ते चित्र आज पॅरिसला गीमे संग्रहालयात आहे. बादशहा मुसलमान, चितारी हिंदू, साधू ख्रिस्ती. वैराग्याचं आकर्षण कोणाला चुकलेलं नाही. पण त्या वैरागी माणसाला घरात आणल्यावर तो काही मागत नाही, ही खरी अडचण आहे. गणपतीला मोदक देता येतो, लक्ष्मीला कमळ वाहता येतं. अवधूताला द्यायला आपल्याजवळ काय आहे? हार घातला तरी त्याला त्याचं काही नाही. ज्याला काही नको त्याला लाच देता येत नाही. तो नुसता बघत असतो. जेरोमला न्यायाधीश स्वप्नात भेटला. माझा समोरच्या खिळ्यावर होता आणि मी त्याच्या कपाळाला रोज गंध लावत होतो.

नाशकाला परत आल्यावर पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी तसबीर उतरवली, अण्णांच्या जुन्या उपरण्यात गुंडाळली आणि रिक्षाने सिडकोत धाकट्याकडे गेलो. त्याने दार उघडलं, माझ्या हातातलं गाठोडं बघितलं, त्याला आकारावरून कळलं. काही बोलला नाही. आत गेलो तर त्याच्या बैठकीत भिंतीवर दत्ताचं एक कॅलेंडरचं चित्र, पांढऱ्या पट्टीच्या साध्या फ्रेममध्ये. रंग उडालेले, निळा तेवढा राहिलेला. पुढे निरांजन.

मी म्हटलं, “अण्णा मला काही म्हणाले नव्हते.”

तो म्हणाला, “माहीत आहे. शेवटचे तीन महिने मीच होतो ना जवळ. तू आलास की मी तिथेच बसलेला असायचो.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“ताईसमोर तुला खोटं पाडू? वहिनीसमोर? आणि कशासाठी, दादा, तसबिरीसाठी?”

एवढ्यात त्याच्या बायकोने पाणी आणलं. थोडा वेळ पावसाच्या, धरणाच्या पाण्याच्या गोष्टी झाल्या. मग मी गाठोडं पुढे सरकवलं. त्याने ते सोडलं, तसबीर मांडीवर घेऊन बघितली. पुराचा तो डाग अंगठ्याने पुसल्यासारखं केलं. मला वाटलं, ठेवेल. पण तो म्हणाला, “नको. तू वाड्यातून नेलीस त्याच आठवड्यात रामकुंडावरून हे घेतलं. तेव्हापासून हाच आहे. आता याला कुठे काढू?”

मी पाळीचं सुचवलं. सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. तो हसला. म्हणाला, “आपण दोघं पंच्याहत्तरीकडे चाललो, दादा. पाळ्या कसल्या लावतोस? तू एक कर. पोरांना अजून तेच ठाऊक आहे, की आजोबांनी ती तुला दिली. माझ्या पोरांनाही. त्यांना वाटतं, आजोबांनी आमच्या बाबांना काहीच दिलं नाही. ते तेवढं नीट कर.”

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मी समजत होतो, एक तसबीर घेतली. त्याच्या मुलांच्या मनातला आजोबाही मी घेतला होता.

संध्याकाळी तसबीर परत घेऊन आलो. मुलाला फोनवर सांगितलं, तो बराच वेळ गप्प होता. ढोंग हा शब्द त्याला आठवला असावा, पण त्याने काढला नाही. धाकट्याच्या दोन्ही मुलांना घरी बोलावून सांगितलं. थोरल्याने ऐकून घेतलं आणि “बरं झालं काका, सांगितलंत” म्हणाला. धाकटा काही न बोलता उठून गॅलरीत गेला. त्याचा राग अजून आहे, आणि तो असू द्यावा असं मला वाटतं. ताईला पुण्याला जाऊन सांगितलं. मंदिरात बरीच वर्षं आम्हा कुटुंबाची ओळख ‘ज्यांच्या घरी वडिलांनी दिलेली दत्ताची तसबीर आहे ते’ अशी आहे. म्हणून इथेही सांगतो. दोन वर्षं लेख टाळला तो याच कारणाने. गोड काहीतरी लिहून देता आलं असतं.

तसबीर आमच्याकडेच आहे. खिळा तोच. मागच्या गुरुवारी सुनेने काच पुसताना तो डाग काढता येतो का विचारलं. कागद जुना आहे, हात लावला तर रंगही जाईल, राहू दे म्हटलं.

यंदा पौर्णिमेला संध्याकाळी पाळण्याला धाकटा येणार आहे. सुंठवडा त्याच्याकडूनच येणार. अण्णांच्या हाताची चव आमच्यात त्यालाच साधते. त्याचा लहाना येईल की नाही, ते त्याने सांगितलेलं नाही. मी एक पाट जास्त काढून ठेवला आहे.